समुद्राच्या पाण्याने धुतलेला धूर

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटरची चिमणी लांबूनही नजरेत भरते. तिच्याकडे जाणारा धूर धुणारे यंत्र मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. फ्लू गॅस डिसल्फरायझेशन हे त्याचे लांबलचक नाव; सगळे त्याला 'एफजीडी' म्हणतात.

कोळशात गंधक असतेच. तो जळला की सल्फर डायऑक्साइड तयार होतो, दमेकऱ्यांना बेजार करतो आणि हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. राख पकडणाऱ्या 'ईएसपी' या यंत्रातून हा वायू सहज निसटतो. चिमणी उंच बांधली, तर तो फक्त लांब जाऊन पडतो.

अनेक केंद्रांत चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून धूर धुतात. त्यातून जिप्सम निघते. डहाणूला समुद्रच शेजारी. कंडेन्सर थंड करून आलेले खारे पाणी मनोऱ्यात वरून सोडले जाते आणि वायू त्यात विरघळतो. आम्लधर्मी झालेले हे पाणी मग हौदात ताज्या समुद्रजलात मिसळून त्यात हवा फुंकतात. प्राणवायूने सल्फाइटचे सल्फेट होते, पाण्यातील बायकार्बोनेट आम्ल मारते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मुळातच सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे ही भर किरकोळ ठरते. हवा कमी पडली तर मात्र आम्ल थेट समुद्रात जाईल. म्हणून सामूवर सतत लक्ष ठेवावे लागते.

हे यंत्र आपसूक आले नाही. चिकूच्या वाड्यांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, तरी १९९५ मध्ये ५०० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. नर्गिस इराणींसारखे स्थानिक लोक चिवटपणे लढले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. काम रेंगाळले, तेव्हा २००५ मध्ये त्याने केंद्राच्या कंपनीकडे ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७ मध्ये यंत्र सुरू झाले.

२०१५ च्या नियमांनी देशभरातील कोळसा केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या मर्यादेतून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचे एक कारण. पण कोळसा लाखो टनांनी जळतो. थोडे गंधकही मग थोडे राहत नाही. तंत्र हाताशी आहे, हे डहाणूने दाखवले आहे. आपल्या जिल्ह्यातले केंद्र धूर धुते की नाही, हे प्रत्येकाने विचारलेच पाहिजे.