कोठी आपली, किल्ली कोणाकडे?

दरवर्षी २ जानेवारीला भल्या पहाटे मुरबाड-कर्जतकडची माणसे सिद्धगडाच्या रानात जमतात. १९४३ साली याच दिवशी भाई विठ्ठल कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता आपल्याला ठाऊक आहे. पण भाईंचे दुसरे एक काम भाषणांत मागे पडते. माथेरानच्या या वकिलाने शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायला धान्य कोठ्या काढल्या होत्या.

धान्य कोठीची रीत साधी. सुगीत धान्य घालायचे, नडीला काढायचे. तुम्ही म्हणाल, बँक तरी वेगळे काय करते? खरे आहे. फरक एवढाच की गावच्या कोठीची किल्ली गावात असते. बँकेच्या कोठीची किल्ली कोणाकडे, हे आपल्याला अडचण आल्यावरच कळते.

सुगीत नोटा बंद

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. भाताची कापणी-झोडणी चालू, मजुरी द्यायची, आणि पाचशे-हजाराच्या नोटा एका भाषणात बाद. जिल्हा मध्यवर्ती बँकांनी चार-पाच दिवस जुन्या नोटा घेतल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने त्यांना तीही मनाई केली. या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल, अशी शंका होती. आता बघा, ज्या बँकेत आपल्या विकास सोसायटीचे खाते, तीच बँक संशयित ठरली आणि शहरातल्या व्यापारी बँका चालू राहिल्या! त्या चार-पाच दिवसांत घेतलेल्या नोटा भरायची परवानगी मिळायला जून २०१७ उजाडला. पुढे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की बाद नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. मग काळे धन गेले कुठे, हा प्रश्न डाव्या पक्षांनी तेव्हाही विचारला, आजही विचारतात.

एकीकडे माफी, दुसरीकडे मनाई

दुसरा प्रसंग २०१९ चा. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढता येतील, असा पहिला हुकूम होता. नंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेची सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाच्या घशात गेली होती, आणि ती लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी मात्र वर्षानुवर्षांच्या हप्त्यांवर गेल्या.

त्या निर्बंधांच्या तीनच दिवस आधी, २० सप्टेंबरला, केंद्र सरकारने कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींची तूट, हा सरकारचाच अंदाज. डाव्यांचा मुद्दा इथे टोकदार होतो. मंदीत पैसा द्यायचाच, तर तो रोजगार हमीवर, धान खरेदीवर द्या. गरिबाच्या हातातला रुपया त्याच आठवड्यात बाजारात येतो. कंपनीला मागणीच नसेल तर ती करसवलतीतून नवा कारखाना कशाला काढील?

२०१७ सालचा हिशेब बघा. जूनमध्ये राज्याने ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज, नवरा-बायकोचे अंगठे. ऑक्टोबरमध्ये केंद्राने सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींचे भांडवल जाहीर केले. त्या बँका कशाने खंगल्या होत्या? मोठ्या थकबाकीदारांनी. त्यांना कुठे रांगेत उभे केलेले दिसले नाही.

नाण्याची दुसरी बाजू

डाव्यांचे सगळेच बरोबर, असेही नाही. बँका सरकारी झाल्या म्हणजे कर्जे चोख होतात, असा अनुभव नाही. सहकारी बँका पुष्कळदा संचालकांनीच बुडवल्या, आणि निवडणुका आल्या की माफी हे कायमचे औषध नव्हे. सरकारी बाजू म्हणते की बँका कोसळल्या असत्या तर ठेवीदारच मेला असता. यात तथ्य आहे. पण १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरच बँकेची शाखा खेड्यात मोठ्या प्रमाणावर आली, हेही विसरता येत नाही. शाखा नसेल तिथे सावकाराची पालेमोड असते. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाल बावट्याचा मोर्चा कसारा घाट उतरून आपल्या शहापूरवरून मुंबईला गेला, त्यातली वनपट्ट्याची मागणी याच दुखण्याची. जमीन नावावर नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून पीक कर्ज नाही.

आपण काय करायचे?

धोरण दिल्लीत ठरते, पण आपली किल्ली आपण तपासू शकतो. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. १९९३ पासून तो १ लाखच होता, फेब्रुवारी २०२० मध्ये वाढला. जिल्हा बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्था आणि विकास सोसायटीतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. जादा व्याजाच्या पाटीला भुलण्याआधी एवढे ध्यानात ठेवा.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. चहा पिऊन सही ठोकून उठू नका. थकबाकी कोणाची, किती, ते विचारा. सरपंच आणि गटसचिवांनीही अहवाल वाचून दाखवायला लाजू नये. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी सहकारी बँक राज्याचा सहकार खाते आणि रिझर्व्ह बँक यांच्यात वर्षानुवर्षे लोंबकळली. तिसरा डोळा सभासदाचाच हवा.

सिद्धगडावर फूल वाहायला जाल तेव्हा भाईंची कोठी आठवा. धान्य आपले असेल, तर किल्लीचा हिशेबही आपणच मागायचा.