छापील कापड, होजिअरी आणि फॅशन डिझाईनचे शिक्षण

काही वर्षांपूर्वी पोलादपूरच्या बाजूचे एक गृहस्थ मुदत ठेव मोडण्यासाठी आमच्या काउंटरवर आले. मुलीला फॅशन डिझाईन शिकायचे होते आणि एका खाजगी संस्थेच्या एक वर्षाच्या वर्गाची फी एकरकमी भरायची होती. त्या सर्टिफिकेटला मान्यता कोणाची, हे विचारण्याचे ना त्यांना सुचले, ना आम्हाला. मुलगी वर्षभराने परतली ती ब्लाऊज शिवायला शिकून. आणि तो तर तिला आईकडून आधीच येत होता. ठेव गेली, वर्षही गेले. त्या चुकीत आमचाही वाटा आहे असे वाटल्यामुळे हा लेखप्रपंच. आम्ही या विषयाचे तज्ज्ञ नाही, पण विचारपूस करून जी माहिती जमली ती समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

कापड आपल्याला नवे नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. परंतु ज्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पगार अधिक होता त्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले जाड दागिने सोडून देण्यास सांगितले होते. पोशाख ही क्षुल्लक बाब नव्हे, हे आपल्या गावाने तेव्हाच ऐकले आहे. म्हणून या शिक्षणाला कोणी नखरे म्हणून हिणवू नये.

शिवणकाम आणि डिझाईन

शिवणकाम हा या शिक्षणाचा एक भाग आहे, सर्व शिक्षण नव्हे. कपडा कोणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या कापडाचा आणि किती खर्चात, हे आधी ठरवावे लागते. मग चित्र, कागदी पॅटर्न, नमुना आणि शेवटी उत्पादन. यात छापील कापड आणि होजिअरी हे दोन स्वतंत्र अभ्यास आहेत.

छापील कापडाचा विद्यार्थी प्रथम 'रिपीट' शिकतो. साडीवरील एखादे फूल हजार वेळा येते, पण जोड कोठे दिसत नाही. चौकोनाच्या उजव्या कडेला तुटलेली पाकळी डाव्या कडेला बरोबर जुळली पाहिजे. पूर्वी हे लाकडी ठशांनी होई. पुढे स्क्रीन आली. तिच्यात प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. पाच रंग म्हणजे पाच स्क्रीन, म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. आता संगणकावरून थेट कापडावरही छपाई होते. रंगाचे शास्त्रही शिकावे लागते. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग लागतात, पॉलिएस्टरला डिस्पर्स. छपाईनंतर वाफ देऊन रंग पक्का करतात आणि उरलेला धुऊन काढतात. ते पाणी शुद्ध न करता सोडले तर कोठे जाते, हे औद्योगिक वसाहतीशेजारी सावित्रीकाठी राहणाऱ्या आपल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

होजिअरी समजण्यासाठी घरातला एक बनियन घ्यावा. साध्या कापडात उभा ताणा व आडवा बाणा एकमेकांखालून-वरून जातात. बनियनमध्ये धाग्याचे फास एकमेकांत अडकविलेले असतात. सुलट बाजूला बारीक 'व्ही' आकाराच्या रांगा दिसतील, उलट बाजूला कमानी. फास असल्यामुळेच हे कापड ताणले जाते आणि एक फास सुटला की शिडीसारखे उसवत जाते. ते ताणले जात असल्याने त्याचे माप, पॅटर्न आणि शिलाईची यंत्रेही वेगळी असतात. टी-शर्ट, मोजे, स्वेटर, खेळाडूंचे कपडे सारे याच जातीचे. तामिळनाडूतील तिरुपूर सुती होजिअरीसाठी आणि पंजाबातील लुधियाना लोकरीच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांना हे काम जाणणारी माणसे लागतात.

कोठे शिकावे?

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली दिल्लीत स्थापन झाली. तिचे मुंबई केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. तेथे फॅशन, टेक्स्टाईल आणि निटवेअर अशा वेगवेगळ्या शाखांत चार वर्षांची पदवी मिळते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. प्रवेश परीक्षेत चित्रकल्पना आणि सामान्य क्षमता असे दोन भाग असतात. त्यापुढे हाताने वस्तू घडविण्याची परीक्षा होते. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, म्हणून इंग्रजी वाचनाची सवय आठवीपासूनच लावावी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा अवश्य द्याव्यात.

याशिवाय मुंबईत १८५७ पासूनचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. मुलींसाठी १९१६ साली स्थापन झालेले एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी असे एक वर्षाचे ट्रेड आहेत. घरची अडचण असेल तर तेथून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

पैशाची बाजू

निफ्टमध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही हा लाभ केंद्राच्या संस्थांत मिळतो. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून अकरावीतच काढावा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करावा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात. तेव्हा शेत गहाण टाकण्यापूर्वी किंवा ठेव मोडण्यापूर्वी बँकेत येऊन चौकशी करावी.

पालकांनी फी भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेला तीन प्रश्न विचारावेत : मान्यता कोणाची? पदवी की नुसते सर्टिफिकेट? मागील विद्यार्थी आज कोठे काम करतात? उत्तर लेखी मागावे. लेखी न देणाऱ्या संस्थेत पैसे भरू नयेत.

त्या गृहस्थांना हे तीन प्रश्न आम्ही त्या दिवशी सांगू शकलो नाही. यापुढे आमच्या काउंटरवर अशा कामासाठी जो येईल त्याला पावती हाती देण्याआधी ते सांगतो. वाचकांनीही आपापल्या वाडीत सांगावेत. साचेखात्याचे दार आपल्या आजोबांना बंद होते. आजचे दार उघडे आहे. मुलांना त्यातून नीट आत नेणे आपले काम आहे.