सॅव्हेज ११०: काटकसरीतून आलेला नेम

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या रायफलींचा बाजार जवळजवळ संपला. अमेरिकेत मात्र दर पानगळीला परवाने निघतात, हरणांचा हंगाम सुरू होतो आणि बेताच्या पगाराचा माणूस दुकानात उभा राहून विचारतो, स्वस्तात चांगली कुठली? उत्तरात सॅव्हेज ११० चं नाव हमखास येतं. निकोलस ब्रूअरने आखलेली ही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल १९५८ मध्ये आली तेव्हा किंमत होती १०९ डॉलर ९५ सेंट. नावातला आकडा त्यावरूनच पडला म्हणतात.

देखणी ती कधीच नव्हती. नळी जिथे रायफलीच्या धडात शिरते तिथे एक खाचांचा जाड नट उघडाच दिसतो. अक्रोडाच्या गुळगुळीत दस्त्यांची सवय असलेल्या शौकिनांनी त्याला नाकं मुरडली. पण सगळी गंमत त्या नटातच आहे.

बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, मिटल्यावर त्याचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झालं तर पितळी कवच फाटू शकतं. कमी झालं तर बोल्ट मिटतच नाही. इतर कारखान्यांत नळीला खांदा ठेवून ती धडात घट्ट पिळत आणि मग कसबी कारागीर चेंबर किंचित किंचित कोरून ते अंतर जुळवी. त्या हाताची मजुरी किमतीत चढे. ब्रूअरने खांदाच काढून टाकला. चेंबरमध्ये मापाचं गेज ठेवायचं, बोल्ट मिटायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. मजुरी वाचली, आणि मापही दर रायफलीला तंतोतंत बसू लागलं. बोल्टचं डोकंही वेगळा तुकडा, आडव्या खिळीवर किंचित हलणारं. त्यामुळे बोल्टला जागी अडकवणाऱ्या दोन्ही पाकळ्यांवर भार सारखा येतो. महागड्या रायफलींत हे साधायला हाताने घासकाम करावं लागतं. एवढ्या स्वस्त रायफलीचा नेम इतका चांगला कसा, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. २०१३ मध्ये खुद्द प्रतिस्पर्धी रेमिंग्टन कंपनीने आपली स्वस्त ७८३ रायफल काढली, तीही नळीवर नट घेऊनच!

कंपनीचं नशीब मात्र रायफलीइतकं सरळ नव्हतं. १९८८ मध्ये सॅव्हेज दिवाळखोरीत गेली. नवे प्रमुख रॉन कोबर्न यांनी पसारा आवरून ११० लाच धरून ठेवलं. पुढे त्यांच्याच काळात अ‍ॅक्युट्रिगर नावाचा चाप आला. खटल्यांच्या धास्तीने अमेरिकी कारखाने चाप मुद्दाम जड ठेवत. जड चाप ओढताना नेम हलतो. अ‍ॅक्युट्रिगरच्या मधोमध एक पातळ पातं आहे. ते दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही, त्यामुळे चाप हलका ठेवूनही धोका वाढत नाही.

स्वस्ताईची खरी खूण दस्त्यात सापडते. प्लॅस्टिकचा पुढचा भाग मुठीत दाबला की वाकतो आणि नळीला चिकटतो. मग गोळी भलतीकडे. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागद सरकतो का, एवढं दुकानातच पाहावं. काडतूस .३०८ किंवा .२४३ घ्यावं, कारण ती खेड्यातल्या दुकानातही मिळतात. आणि उरलेले पैसे दुर्बिणीवर घालावेत. रायफलीवर उधळून भुरकट काच लावणारे शिकारी तिथे काही कमी नाहीत.