प्रगत उत्पादन तंत्रज्ञानातील सहयोगी संशोधन आणि सार्वजनिक निधी

प्रस्तावना : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीपासून सांगली जिल्ह्याला यंत्रनिर्मितीची परंपरा आहे. इस्लामपूर (ईश्वरपूर) नजीक राजारामनगर येथे १९८३ पासून अभियांत्रिकी शिक्षण दिले जाते. अशा परिसरातील प्राध्यापक व कारखानदार यांना संयुक्त संशोधनासाठी कोणता निधी उपयोगी पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निधीचे स्रोत :
१) अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन : २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन. पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपये अपेक्षित. त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी बिगरसरकारी स्रोतांतून.
२) भांडवली वस्तू योजना, दुसरा टप्पा : अवजड उद्योग मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला. तरतूद १,२०७ कोटी. त्यात उद्योगांचा वाटा २३२ कोटी.
३) संशोधन, विकास व नवोन्मेष योजना : जुलै २०२५ मध्ये मंजूर, एक लाख कोटी रुपयांची. मात्र तिचा भर खाजगी उद्योगांना अल्पव्याजी कर्ज देण्यावर आहे. महाविद्यालयाने तिला अनुदान समजू नये.

अडचण व मार्ग : फाउंडेशनच्या ‘पेअर’ कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सहयोगी संस्था म्हणून सार्वजनिक विद्यापीठे, निवडक एनआयटी व ट्रिपल आयटी यांनाच स्थान होते, संलग्न खाजगी महाविद्यालये बाहेर राहिली. त्यामुळे विद्यापीठाशी भागीदारी महत्त्वाची ठरते. प्रस्तावाचा विषय स्थानिक फाउंड्रीच्या नेमक्या अडचणीतून, उदाहरणार्थ ओतीव भागांतील सच्छिद्रतेतून, निवडावा. उद्योगाचा आर्थिक वाटा आणि पेटंटचे हक्क आरंभीच लेखी ठरवावेत.

समारोप : उपरोक्त योजनांचा रोख पाहता उद्योगाचा सहभाग हा प्रस्तावाचा पाया होय. तो अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वी नव्हे, तर विषय निवडतानाच मिळविला पाहिजे.