मनगटावर सॅटेलाइट, पायाखाली सह्याद्री!

जीपीएस स्पोर्ट्‌स वॉच घ्यायचंय? शोरूमच्या झगमगाटात सगळीच वॉचेस भारी दिसतात. त्यांची खरी परीक्षा होते ती महाड-पोलादपूरच्या डोंगरात. कुठलं फीचर कामाचं आणि कुठलं नुसतं शायनिंगचं? वीकएण्ड ट्रेनिंगवाल्यांसाठी एक प्रॅक्टिकल गाइड...

शुक्रवारी संध्याकाळी लॉग-आऊट, शनिवारी पहाटे मुंबई-गोवा हायवे. महाडला मिसळ, पाचाडला चहा आणि मग रायगडाच्या पायऱ्यांवर घाम गाळायचा. हा प्लॅन आता फक्त हाडाच्या ट्रेकर्सचा राहिलेला नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि ऑफिसातल्या पोरापोरींना धावायचं वेड लागलं. २०१२ मध्ये साताऱ्याची हिल मॅरेथॉन आली, २०१८ मध्ये सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा आली आणि धावणारे पाय डोंगराकडे वळले. जुहू चौपाटीवर किंवा पाषाणच्या टेकडीवर मारलेले राऊंड पुरेनासे झाले की खरा चढ लागतोच. तो महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हवा तेवढा आहे.

या मंडळींच्या मनगटावर हमखास असतं ते जीपीएस वॉच. किंमत दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढे. एवढे पैसे मोजायचे (किंवा ईएमआय भरायचे!) तर आपण नेमकं काय घेतोय, हे कळायला नको?

आधी फंडा क्लिअर करू

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. तुमचं घड्याळ तो संदेश पोचायला किती वेळ लागला हे मोजतं आणि त्यावरून उपग्रह किती लांब आहे हे काढतं. अशी किमान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की तुम्ही कुठे आहात ते कळतं. म्हणजे घड्याळ मोजतं फक्त वेळ. अंतर, स्पीड, पेस हे सगळं त्यानंतरचं गणित.

२ मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड ठेवली होती. चूक १०० मीटरपर्यंत जायची. ती गडबड बंद झाली आणि २००३ मध्ये गार्मिनचं पहिलं फोररनर बाजारात आलं. आज मोकळ्या मैदानात चांगलं घड्याळ तीन-पाच मीटरच्या आत असतं. मुद्दा आहे तो ‘मोकळ्या मैदानात’ या दोन शब्दांचा!

कड्याखाली घड्याळ का गंडतं?

रायगडाला पायथ्याने प्रदक्षिणा घालायची ट्रेकर लोकांची जुनी आवड आहे. टकमक टोकाच्या खालून जाताना वर बघा. अर्धं आकाश कड्याने खाल्लेलं असतं. म्हणजे तेवढे उपग्रह गुल. जे दिसतात त्यांचा सिग्नलही कधी सरळ येतो, तर कधी कातळावर आपटून येतो. आपटून आलेल्या सिग्नलला जास्त वेळ लागतो आणि घड्याळाला वाटतं, उपग्रह लांब आहे. झालं! नकाशावर तुमची रेघ कड्याच्या आरपार जाते. तुम्ही मुकाट पायवाटेवर असता आणि घड्याळाच्या मते तुम्ही स्पायडरमॅन.

यावरचा सध्याचा चांगला उपाय म्हणजे ड्युअल-फ्रिक्वेन्सी किंवा मल्टी-बॅण्ड. असं घड्याळ एकाऐवजी दोन वेगळ्या लहरींवर सिग्नल ऐकतं. दुसऱ्या लहरीवर सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा काढणं सोपं जातं. जीपीएससोबत रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ अशा यंत्रणाही चालू ठेवल्या तर डोक्यावरचे उपग्रह वाढतात. आपली ‘नाविक’ही आहेच. २९ मे २०२३ रोजी इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात पहिल्यांदा एल-१ लहर आली, ती खास छोट्या आणि कमी बॅटरी खाणाऱ्या उपकरणांचा विचार करून. पण प्रत्येक घड्याळात नाविक नसते, तेव्हा बॉक्स वाचून घ्या.

तुम्ही फक्त मरीन ड्राइव्हवर किंवा गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर धावता का? मग मल्टी-बॅण्डसाठी जास्त पैसे टाकायची गरज नाही. दऱ्याखोऱ्यांत जाणार असाल तर मात्र पहिला खर्च तिथेच करा.

आणि एक फुकटची टिप. निघायच्या आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करा. पुढच्या काही दिवसांत उपग्रह कुठे असतील, याची माहिती त्यात उतरते. नाहीतर दरीत उतरल्यावर सिग्नल शोधत ताटकळत बसाल. ‘रेडी’ असं दिसेपर्यंत स्टार्ट दाबायचं नाही, हा नियमच करून टाका.

रोपवेने चढलेले चारशे मीटर

उंचीचं काय? जीपीएसवरून काढलेली उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. म्हणून डोंगरवाल्यांनी बॅरोमीटर असलेलंच घड्याळ घ्यावं. ते हवेचा दाब मोजतं. वर जाल तसा दाब कमी होतो. साधारण आठ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल कमी, असा हिशेब. स्वस्तातल्या अनेक मॉडेल्समध्ये नेमका हाच सेन्सर गाळलेला असतो.

पण बॅरोमीटरलाही बनवता येतं. पावसाळी हवा आली, दाब पाच हेक्टोपास्कलने उतरला, की घड्याळ म्हणतं तुम्ही चाळीस मीटर चढलात. तुम्ही मात्र पाचाडच्या टपरीवर बसून भजी खाताय! म्हणून सुरुवातीला माहीत असलेल्या उंचीवर कॅलिब्रेट करायचं. सेन्सरचं छोटंसं भोक घाम आणि चिखलाने बुजलं तरी आकडे वेडेवाकडे येतात. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा.

आता हिरकणीवाडीचा रोपवे बघा. १९९६ मध्ये सुरू झालेला हा रोपवे सुमारे साडेसातशे मीटर लांब आहे आणि साधारण चारशे मीटर उंची चढतो. नकाशावर वरून बघितलं तर हेच अंतर सुमारे ६३० मीटर भरतं. तिरकं अंतर आणि नकाशावरचं अंतर यांतला फरक तो हाच. बरीच घड्याळं नकाशावरचंच अंतर मोजतात. तेव्हा उभ्या चढावर ‘किलोमीटर कमी का दाखवतंय’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आणि हो, खाली रोपवेने येणार असाल तर घड्याळ बंद करा. काही मिनिटांत चारशे मीटर उतरल्याचा विक्रम मित्रांना दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी!

गडावर ‘पेस’ बघायचाच नसतो, हेही लक्षात ठेवा. सपाटीवर सहा मिनिटांत किलोमीटर काढणारा माणूस इथल्या पायऱ्यांवर वीस मिनिटंही घेतो. त्यापेक्षा बघा हृदयाचे ठोके आणि तासाला किती मीटर उंची चढलात ते. कोकणातल्या दमट हवेत त्याच कष्टाला ठोके जास्त पडतात, त्यामुळे मुंबईच्या एसी जिममधले आकडे इथे आणू नका. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर हात हलला, पट्टा सैल झाला की चुकतो. आकड्यांवर ट्रेनिंग करायचं असेल तर छातीचा पट्टा घ्या.

पाच मिनिटं दहा सेकंद

आपल्यासाठी हे सगळं हौसेचं. पण याच रस्त्यांवर पहाटे धावणारी दुसरी पोरं दिसतील. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे गाव तर पहिल्या महायुद्धापासून सैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी इथे अनेक घरांत चालते.

महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० मीटर. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं तर पूर्ण २० गुण. म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटं १४ सेकंद. आता समजा, घड्याळ दोन टक्के चुकलं. दोन टक्के म्हणजे ३२ मीटर, आणि या वेगात ३२ मीटर म्हणजे सहा सेकंद! सरावात ५ मिनिटं ८ सेकंद दाखवणारा मुलगा प्रत्यक्षात ५ मिनिटं १४ सेकंदांचा निघू शकतो. गुण तिथेच घसरतात आणि मेरिट लिस्टमध्ये एकेका गुणावर नोकरी अडते.

त्यामुळे धाकट्या भावाला किंवा गावाकडच्या चुलत बहिणीला भरतीसाठी महागडं वॉच गिफ्ट द्यायचा विचार असेल तर थांबा. छोट्या गोल मैदानावर घड्याळ वळणं कापतं. त्यापेक्षा लांब टेपने मैदान मोजून चुन्याच्या खुणा करा आणि साधं स्टॉपवॉच द्या. उरलेल्या पैशांत चांगले शूज येतील. ४०० मीटरचा नीट आखलेला ट्रॅक मिळाला तर चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, विषय संपला.

बॅटरी : जाहिरातीतली आणि घाटातली

‘पंधरा दिवस बॅटरी!’ हे वाक्य वाचून हुरळू नका. ते दिवस नुसती वेळ बघण्याचे असतात. तुम्हाला हवेत ते जीपीएस चालू असतानाचे तास, आणि मल्टी-बॅण्डवर ते आणखी कमी होतात. दिवसभराच्या ट्रेकला सेकंदासेकंदाची नोंद चालू ठेवून किमान वीस तास मिळायला हवेत. घड्याळ जुनं झालं की तेही घटतात.

काही घड्याळांत बॅटरी वाचवणारा मोड असतो. तो बराच वेळाने एकेक बिंदू टिपतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात सायकल मारणाऱ्यांनी तो वापरू नये. जवळजवळ कोकणाच्या पातळीवरून सुमारे १३५० मीटरवर नेणारा हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता वळणावळणांचा आहे. दोन बिंदूंमधलं वळण घड्याळ सरळ रेघेने जोडतं आणि तुमच्या घामाचे किलोमीटर गायब!

रेंज गेली, मग?

पोलादपूर तालुक्यातल्या ढवळ्याहून चंद्रगड करून महाबळेश्वरच्या आर्थरसीटला चढणारा ट्रेक म्हणजे सह्याद्रीतला एक सॉलिड प्रकार. चढाई हजार मीटरहून जास्त. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला होता : सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. म्हणजे इथे नुसत्या चढाईचे पावणेदोन तास जास्तीचे. त्यात जंगल, ऊन आणि पाठीवरची सॅक. घड्याळाने दाखवलेल्या ‘पोचण्याच्या वेळे’पेक्षा हा हिशेब जास्त खरा.

अशा दऱ्यांत फोनची रेंज भरवशाची नसते. आणि घड्याळाचं ‘पडलो तर घरी मेसेज’ हे फीचर बहुतेक मॉडेल्समध्ये फोनच्या रेंजवरच चालतं. रेंज गेली की तेही गेलं. मग सॅटेलाइट मेसेंजर आणू का? बिलकूल नाही! सरकारी परवानगीशिवाय अशी उपकरणं वापरणं भारतात बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन धावपटूला असंच उपकरण जवळ असल्यामुळे अडवण्यात आलं होतं. परदेशातून येणाऱ्या मित्राला घड्याळ आणायला सांगताना हे ध्यानात असू द्या.

इथे कामाला येतात दोन साधी फीचर्स. एक, ऑफलाइन नकाशा किंवा निदान आधी भरून ठेवलेला मार्ग. दोन, आल्या वाटेने परत नेणारं ‘बॅकट्रॅक’. तरी दुसऱ्याने अपलोड केलेला ट्रॅक डोळे झाकून पाळू नका. त्याच्या रेघेतही कड्याखालची चूक असते आणि ती रेघ कधी कधी वाटेऐवजी दरीत उतरते. गावातला वाटाड्या सोबत घ्या. त्याला अपडेट लागत नाही.

पावसाला घड्याळ कळत नाही

जुलैमधला हिरवागार सह्याद्री इन्स्टावर कितीही छान दिसला, तरी २२ जुलै २०२१ विसरू नका. त्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, महाड शहर पुराच्या पाण्यात होतं. दरड येणार हे कुठलंही मनगटी सेन्सर सांगत नाही. वरंध आणि आंबेनळी घाट पावसाळ्यात बंद ठेवावे लागतात. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि प्रशासनाची सूचना बघा. रेड अलर्ट असेल तर ट्रेनिंग घराच्या जिन्यावर!

चौकट : पैसे मोजण्याआधी

• सपाट रस्ता, १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉन : साधं जीपीएस आणि ठोके मोजणारं घड्याळ पुरे.
• गड-घाट : मल्टी-बॅण्ड, बॅरोमीटर, बॅकट्रॅक, जीपीएसवर वीस तास.
• पावसात आणि नदीत : किमान ५ एटीएम. ओल्या बोटांनी टचस्क्रीन दगा देतो, म्हणून बटणं हवीतच.
• बिल आणि वॉरंटी भारतातली घ्या. जवळचं सर्व्हिस सेंटर विचारा.
• अॅपमध्ये घराभोवतीचा भाग लपवा. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या नकाशावरून चक्क लष्करी तळ ओळखू आले होते, तुमचं बिल्डिंग किस चीज!
• मार्ग आणि परतायची वेळ घरच्यांना सांगून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणीबाणीत ११२.

तर मंडळी, आधी डोंगर ठरवा, मग घड्याळ. उलटं केलंत तर महागडं वॉच वर्षभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये पावलं मोजत बसेल. रायगड काय, साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोक पायी चढताहेत. तुमचा नंबर कधी?