पाळण्यातले पाय आणि नोव्हेंबरचा संघ

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. शितावरून भाताची परीक्षा, असेही म्हणतो. थोडे पाहून पुढचे सांगता येते, हा दोन्ही म्हणींमागचा भरवसा. तो कितपत खरा आहे हे तपासायचे तर असे क्षेत्र हवे, जिथे सुरुवातही मोजलेली असते आणि शेवटही. अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉल हे असे क्षेत्र आहे. प्रत्येक सामन्याचा तक्ता तिथे जपून ठेवलेला असतो. कोणी किती चेंडू टाकले, किती गमावले, किती फ्री थ्रो चुकवले, याची नोंद वर्षानुवर्षे उपलब्ध असते. खेळाडू घडवणारी ही माणसे आरंभीच्या उणिवा कशा वाचतात आणि कुठे फसतात, हे त्या तक्त्यांतून शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिथला हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठांचे संघ असतात. मार्चमध्ये त्यांतल्या ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिथे एक पराभव म्हणजे हंगाम संपला. हंगामपूर्व क्रमवारी मात्र एकही चेंडू उडण्याआधी जाहीर होते. संघाबद्दलच्या अपेक्षा तिथेच ठरतात आणि नोव्हेंबरमधली प्रत्येक चूक त्या अपेक्षेशी ताडून पाहिली जाते.

२०१३ साली या क्रमवारीत पहिले नाव केंटकी विद्यापीठाचे होते. आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेला हा संघ. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी शालेय बास्केटबॉलमधली देशातली उत्तमोत्तम मुले त्या वर्षी गोळा केली होती: ज्युलियस रँडल, अँड्र्यू आणि अ‍ॅरन हे हॅरिसन जुळे भाऊ, जेम्स यंग, डकारी जॉन्सन, मार्कस ली. हा संघ सगळेच्या सगळे ४० सामने जिंकेल, अशी चर्चा चाहत्यांमध्ये होती. ‘४०-०’ असे छापलेले टी-शर्टही निघाले.

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी शिकागोत मिशिगन स्टेटविरुद्ध सामना झाला. पहिले दहा गुण मिशिगन स्टेटने केले, तेव्हा केंटकीच्या खात्यात शून्य होते. पुढे केंटकीने पाठलाग केला, पण सामना ७८-७४ असा हरला. रँडलने २७ गुण केले, १३ रिबाउंड मिळवले आणि आठ वेळा चेंडूही गमावला. ६ डिसेंबरला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या भव्य स्टेडियममध्ये बेलरने त्यांना ६७-६२ असे हरवले. १४ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलायनाने ८२-७७ अशी मात केली. पहिल्या ११ सामन्यांत तीन पराभव. टी-शर्ट केव्हाच जुने झाले होते.

उणिवा कोठून येतात

अशा संघाच्या उणिवांची यादी करणे सोपे असते: चेंडू हातून जातो, बचावात एकमेकांची जागा भरली जात नाही, अटीतटीच्या क्षणी कोणी काय करायचे ते ठरलेले नसते. या यादीत वेगवेगळ्या कुळांच्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय निदान होत नाही.

पहिले कूळ अपरिचयाचे. बास्केटबॉलमधला बचाव हा पाच जणांचा मिळून असतो. आपला प्रतिस्पर्धी निसटला की शेजारच्याने पुढे यायचे, त्याची रिकामी जागा तिसऱ्याने भरायची, आणि हे सगळे अर्ध्या सेकंदात. त्यासाठी दुसरा काय करील हे आधीच ठाऊक असावे लागते. ही ओळख सरावातूनच येते आणि सरावाला मर्यादा आहे. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत जास्तीत जास्त ३० दिवस सराव, असा नियम २०१३च्याच हंगामापासून लागू झाला होता. त्यात केंटकीची बहुतेक मुले पहिल्या वर्षाची. हायस्कूलनंतर एक वर्ष जाईपर्यंत आणि वयाची १९ वर्षे होईपर्यंत व्यावसायिक एनबीएमध्ये प्रवेश नाही, अशी अट २००६पासून आहे. त्यामुळे गुणवान मुले एक वर्ष कॉलेजात खेळतात आणि जातात. अशा मुलांवर उभा असलेला संघ दर नोव्हेंबरला जवळजवळ नव्याने मांडावा लागतो.

दुसरे कूळ परिस्थितीचे. त्याच वर्षी पंचांना सूचना मिळाल्या होत्या, की बचावपटूने प्रतिस्पर्ध्याला हाताने अडवले तर कडकपणे फाउल द्यायचा. हंगामाच्या आरंभी फाउल वाढले, फ्री थ्रो वाढले. एरवी फारशी न दिसणारी उणीव त्यामुळे उजेडात आली.

तिसरे कूळ हाताचे. फ्री थ्रो म्हणजे रिंगमागच्या फळीपासून १५ फुटांवर उभे राहून, कोणी अडवत नसताना टाकायचा चेंडू. इथे साथीदाराची ओळख लागत नाही आणि प्रतिस्पर्धीही मधे येत नाही. मिशिगन स्टेटविरुद्ध केंटकीला असे ३६ चेंडू मिळाले, त्यांतले २० आत गेले. १६ चुकले आणि सामना चार गुणांनी गेला.

बास्केटबॉलच्या आकडेशास्त्राचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी विजयाचे चार घटक मांडले आणि त्यांना ढोबळ वजनेही दिली: नेमबाजीला ४० टक्के, चेंडू न गमावण्याला २५, आपल्याच चुकलेल्या चेंडूचा रिबाउंड मिळवण्याला २० आणि फ्री थ्रोला १५. फ्री थ्रोचा वाटा सर्वांत लहान. शिवाय केंटकी रिबाउंडमध्ये देशातल्या अग्रगण्य संघांपैकी होता. चुकलेला चेंडू पुन्हा हातात येत असे, म्हणून नेमबाजीतली कसर बऱ्याचदा झाकली जाई. फ्री थ्रोकडे पाहून कोणी संघाचे भविष्य सांगितले नसते.

काय भरून निघाले

पुढच्या तीन महिन्यांत हा संघ अडखळतच राहिला. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेला तो पोहोचला तेव्हा त्याचे दहा पराभव झाले होते आणि त्याला आठवे मानांकन मिळाले होते. त्याच सुमारास कॅलिपारी एका छोट्या बदलाबद्दल बोलू लागले, पण तो काय हे सांगेनात. नंतर उलगडले, की तो पॉइंट गार्ड अँड्र्यू हॅरिसनबद्दल होता: आधी साथीदाराला पास, मग स्वतःचा नेम. हे आपल्याला आधीच सुचायला हवे होते, असेही कॅलिपारी नंतर म्हणाले. इतकी साधी गोष्ट उशिरा सुचली, कारण नोव्हेंबरमध्ये दोष मुलांच्या अननुभवात शोधला जात होता. तो काही अंशी कामाच्या वाटणीत होता.

मग जे घडले ते बास्केटबॉलच्या इतिहासात नोंदले गेले. कॅन्सस स्टेटला सात गुणांनी, तोवर ३५ सामन्यांत अपराजित असलेल्या विचिटा स्टेटला दोन गुणांनी, लुईव्हिलला पाच, मिशिगनला तीन आणि विस्कॉन्सिनला एका गुणाने त्यांनी हरवले. मिशिगनविरुद्ध २.३ सेकंद उरले असताना आणि विस्कॉन्सिनविरुद्ध ५.७ सेकंद उरले असताना अ‍ॅरन हॅरिसनने तीन गुणांचा नेम साधला. लुईव्हिलच्या सामन्यात विली कॉली-स्टाइनचा घोटा दुखावला, तर पुढच्याच सामन्यात राखीव बाकावरचा मार्कस ली उठून दहा गुण करून गेला. अपरिचयातून आलेल्या उणिवा मार्चपर्यंत बऱ्याच अंशी विरघळल्या होत्या.

७ एप्रिल २०१४ रोजी अंतिम सामना झाला, तोही आर्लिंग्टनला, बेलरकडून जिथे हार पत्करली त्याच स्टेडियममध्ये. प्रतिस्पर्धी कनेटिकट. केंटकी ६०-५४ असा हरला. कनेटिकटने दहापैकी दहा फ्री थ्रो साधले. केंटकीने २४पैकी १३. अंतर सहा गुणांचे होते आणि चुकलेले चेंडू अकरा. त्या सामन्यात इतरही कारणे होती, पण नोव्हेंबरच्या यादीतली हाताची उणीव एप्रिलपर्यंत सोबत आली होती, एवढे आकडे स्पष्ट सांगतात. ‘४०-०’ म्हणून निघालेला संघ ४० सामने खेळला खरा. त्यांतले २९ जिंकला, ११ हरला.

उलटे उदाहरण

एका उदाहरणावरून नियम करू नये, म्हणून दुसरे पाहू. २०२२च्या हंगामपूर्व क्रमवारीत पहिला होता नॉर्थ कॅरोलायना. आदल्या मोसमात हा संघ अंतिम सामन्यात कॅन्ससकडून अवघ्या तीन गुणांनी हरला होता आणि त्या पाच मुख्य खेळाडूंपैकी चार परत आले होते. म्हणजे केंटकीच्या अगदी उलट: ओळख पुरेपूर, अनुभव पुरेपूर. पहिले पाचही सामने त्यांनी जिंकले. पण गार्डनर-वेबसारख्या लहान संघाविरुद्ध फरक अवघा सहा गुणांचा होता. लागोपाठच्या विजयांमुळे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. मग सलग चार पराभव झाले, त्यांतला एक अलाबामाविरुद्ध चार जादा डावांनंतर १०३-१०१ असा.

गेलेला पाचवा खेळाडू ब्रेडी मॅनेक दुरून तीन गुणांचे नेम भरवशाने साधत असे. तो गेल्यावर संघाचे दुरून नेम साधण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले. ही उणीव ओळखीने भरून निघणारी नव्हती, कारण ओळख आधीपासूनच होती. २० विजय आणि १३ पराभवांनंतर या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत जागाच मिळाली नाही. १९८५मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामपूर्व पहिल्या क्रमांकाच्या संघावर अशी वेळ प्रथमच आली.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की म्हणींचा अर्थ जरा नीट लागतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना एकच पाणी आणि एकच आच मिळालेली असते. नोव्हेंबरमधल्या सामन्यांचे तसे नसते. प्रतिस्पर्धी कधी बलाढ्य, कधी दुबळा. आणि भात अजून शिजतो आहे. तेव्हा शीत कच्चे लागले एवढ्यावरून तांदूळ वाईट ठरत नाही. पण तांदळातच खडा असेल, तर कितीही आच दिली तरी तो शिजणार नाही. तो आधीच निवडून काढावा लागतो.

म्हणून सुरुवातीची उणीव दिसली की विचारायचा प्रश्न असा: ती माणसामाणसांमधली आहे की एकेकाच्या हातातली? पहिलीला वेळ द्यावा आणि तोवर निकाल राखून ठेवावा. दुसरीला वेळ पुरत नाही, तिला रोजचा नेमका सराव लागतो. आणि संघ जिंकत असताना तो सुरू करणे सर्वांत अवघड. पाळण्यातले पाय खोटे बोलत नाहीत. पण ते अजून वाढणार आहेत, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवायचे असते. १८-१९ वर्षांच्या मुलांबद्दल महिन्याभरात निकाल देणाऱ्याने तर विशेषच.