लिनक्सचा इन्स्टॉलर कसा स्थिरावतो?

स्नेहसंमेलनाच्या नाटकांत ज्यांनीं काम केलें असेल, त्यांस एक नियम ठाऊक आहे. रंगीत तालीम झाल्यावर कोणीं नवें वाक्य घालावयाचें नाहीं. जें चुकतें तेवढेंच सुधारावयाचें. नवें वाक्य कितीही सुंदर असो, त्यानें दुसऱ्या पात्राचा धागा तुटतो. संगणकाच्या जगांतही हा नियम कसोशीनें पाळतात, तो कसा तें आज पाहूं.

डेबियन ही लिनक्सवर उभारलेली, मोफत मिळणारी संगणकप्रणाली होय. ती 1993 सालीं सुरू झाली व जगभरचे स्वयंसेवक ती घडवितात. ही प्रणाली संगणकावर बसविणाऱ्या प्रोग्रॅमास इन्स्टॉलर म्हणतात. डिस्क ओळखणें, तिचे भाग पाडणें, नेटवर्क जोडणें, हीं सर्व कामें त्याचीं. त्यांत चूक झाली तर घरचीं छायाचित्रें किंवा दुकानाचे हिशेब क्षणांत पुसले जातात. शिवाय ज्या यंत्रावर अजून प्रणालीच नाहीं, तें आपलें गाऱ्हाणें सांगणार तरी कोणास?

म्हणून नवी आवृत्ति निघण्यापूर्वीं बदलांस क्रमाक्रमानें बांध घालतात. यास गोठवणें म्हणतात. बाराव्या आवृत्तीच्या वेळीं 12 जानेवारी 2023 रोजीं मोठे फेरबदल थांबले. 12 फेब्रुवारीस नवे घटक घेणें बंद होऊन केवळ लहान दुरुस्त्या चालू राहिल्या. 12 मार्चपासून महत्त्वाच्या घटकांतील प्रत्येक बदल तपासूनच घेऊं लागले आणि 24 मेपासून हाच नियम सर्वांस लागू झाला. शेवटीं 10 जूनला आवृत्ति बाहेर पडली. या अवधींत इन्स्टॉलरचे नमुने एकामागून एक काढून लोकांच्या हातीं परीक्षेसाठीं दिले गेले. याच त्याच्या रंगीत तालमी!

इन्स्टॉलरविषयीं इतकी दक्षता कां? कारण तो स्वतंत्र नाहीं. तो इतरांच्या तुकड्यांतून जुळविलेला असतो. प्रणालीचा गाभा जो कर्नेल, त्याचें उदाहरण घ्या. डिस्क व नेटवर्क ओळखणारे त्याचे भाग नेमक्या त्याच कर्नेलसाठीं तयार केलेले असावे लागतात. कर्नेल बदलला आणि इन्स्टॉलर जुनाच राहिला, तर नेटवर्कवरून बसवितांना जुळणारे भाग सांपडत नाहींत व काम वाटेंतच अडतें. दोघांतही दोष नसतो. दोष असतो तो न जुळण्यांत. म्हणून हे तुकडे विशेष परवानगीवांचून बदलूं देत नाहींत.

भाषेचेंही तसेंच आहे. 14 फेब्रुवारी 2009 रोजीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत हा इन्स्टॉलर प्रथमच मराठींत बोलूं लागला. परंतु मूळ वाक्यें अखेरपर्यंत बदलत राहिलीं, तर अनुवादकानें मागें धांवावें तरी किती? म्हणून वाक्यांसही एका दिवशीं गोठवावें लागतें, आणि मग अनुवादकांस सवड मिळते.

आपल्या हिमायतनगरासारख्या गांवीं जुना संगणक पुन्हां कामास लावणारा विद्यार्थी बहुधा एकटाच असतो. शेजारीं विचारावयास जाणकार नसतो. पडद्यावरील प्रश्नाचें उत्तर देऊन तो कळ दाबतो, तें केवळ विश्वासावर. तो विश्वास कोणा एकाच्या बुद्धिमत्तेनें मिळालेला नाहीं. सुचलेल्या चांगल्या कल्पनाही पुढच्या आवृत्तीसाठीं राखून, हातचें काम आधीं निर्दोष करणाऱ्या अनेकांच्या संयमानें तो मिळाला आहे. परीक्षेची उत्तरपत्रिका देण्यापूर्वींची शेवटचीं दहा मिनिटें कशीं घालवावीं, हेंही, विद्यार्थिमित्रहो, यावरून ध्यानीं येईल.